कितपत?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. ओक आणि बर्च एकदम फुलोऱ्यावर येतात आणि काळी होंडा असो की पांढरी टोयोटा, सकाळी पाहावं तर प्रत्येकीला हळद लागलेली. अशाच एका शनिवारी दुपारी एडिसनमधल्या एका पार्किंगमध्ये तीन मुलं गाडीच्या बॉनेटभोवती उभी होती. अकरावीतली, सोळा-सतरा वर्षांची. एपी यूएस हिस्टरीची, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेजच्या पातळीवरच्या अमेरिकी इतिहासाच्या पेपरची, त्यांच्या भाषेत ‘एपुश’ची, पूर्ण लांबीची सराव परीक्षा देऊन नुकतीच बाहेर आलेली. सव्वातीन तास ट्यूबलाइटखाली काढल्यावर ऊन डोळ्यांत खुपतं, तसे तिघांचेही डोळे किलकिले. मुलगी बोलता बोलता त्या पिवळ्या थरावर बोटाने आकडे काढत होती: १३, १४, १५. प्रत्येकाखाली एकेक शब्द. फ्री, सिटिझन्स, व्होट. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली, चौदावीने नागरिकत्व दिलं, पंधरावीने मत. शाळाशाळांतून ही तीन शब्दांची पोपटपंची चालते, आणि आपल्याकडच्या ‘तानापिहिनिपाजा’सारखी ती जन्मभर विसरत नाही.

चष्मेवाल्या मुलाने विचारलं, “ब्लॅक कोड्स कुठे टाकलेस?”

“सुरुवातीला. कॉन्टेक्स्टमध्ये,” मुलगी म्हणाली.

“मी मधे. बाहेरचा पुरावा म्हणून.”

तिसरा, उंच, खांद्यावरची बॅग अजून न उतरवलेला, म्हणाला, “मी दोन्हीकडे वापरलं.” म्हणाला आणि दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणीच काही बोललं नाही. त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं.

एवढंच. पण ते उघडून लावलेलं झाकण डोक्यातून जाईना.

प्रश्न शिक्षकांनीच तयार केलेला होता, मे महिन्यातल्या खऱ्या परीक्षेच्या साच्यात बसवून: १८६५ ते १८७७ या काळात दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या आयुष्यात कितपत बदल झाला, ते तपासा. सोबत सात कागदपत्रं. या प्रकाराला डीबीक्यू, म्हणजे डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन, म्हणतात आणि एपुश अवघड जाते ती मुख्यतः याच्यामुळे. पत्र, भाषण, कायद्याचं कलम, व्यंगचित्र, कधी एखादा तक्ता किंवा नकाशा, अशी सात चिटोरी समोर टाकायची आणि म्हणायचं, आता साठ मिनिटांत यातून युक्तिवाद उभा कर. त्यातली पहिली पंधरा मिनिटं फक्त वाचायला ठेवावीत अशी शिफारस असते. आपल्यापैकी बहुतेकांनी इतिहासाचा पेपर दिला तो ‘कारणे द्या’, ‘टीपा लिहा’ आणि ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ या तीन दारांतून. तिथे १८५७ च्या उठावाची कारणं पाच असायची, सहावं लिहिलं तरी गुण पाचाचेच. ‘कितपत’ हा शब्द त्या प्रश्नपत्रिकांत कधी भेटला नाही. इथे मात्र निबंधाचा प्रश्न बहुधा त्याच एका शब्दावर तोललेला असतो. बदल झाला का, हे कोणी विचारतच नाही. किती झाला, कोणासाठी झाला, कुठपर्यंत टिकला, हे विचारतात.

आता त्या तिघांचं ब्लॅक कोड्स. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनाने आधी, मग दक्षिणेतल्या इतर राज्यांनी हे कायदे केले. मिसिसिपीत तर मुक्त झालेल्या माणसाने दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या ठरणार, त्याला दंड होणार, आणि दंड भरता आला नाही की जो कोणी भरेल त्याच्याकडे राबायला जाणार. बेडी काढली आणि पावती घातली. ही माहिती तिघांनाही नीट येत होती. प्रश्न होता तो ती निबंधात कुठे बसते याचा, आणि त्याचं उत्तर गुणांच्या तक्त्यात आहे. डीबीक्यूला सात गुण. थीसिसचा, म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याचा, एक. पार्श्वभूमीचा, म्हणजे कॉन्टेक्स्टचा, एक. कागदपत्रांचे दोन: तीन कागदांचा मजकूर नीट सांगितला तर एक, चार कागद युक्तिवादाला जुंपले तर दोन. कागदपत्रांत नसलेल्या, बाहेरून आणलेल्या पुराव्याचा एक. दोन कागदांबाबत लिहिणारा कोण, कोणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत लिहितोय आणि त्याने युक्तिवादात काय फरक पडतो हे उलगडलं तर सोर्सिंगचा एक. आणि शेवटचा, ज्याच्या नावानेच मुलांना घाम फुटतो, गुंतागुंतीचा एक.

मुलीने ब्लॅक कोड्स पार्श्वभूमीत घातले. चालतं. पार्श्वभूमी काळाच्या आधीची, त्याच काळातली किंवा नंतर चालू राहिलेली, कुठलीही चालते. फक्त ती नुसतं नाव टाकून होत नाही, दोन-तीन वाक्यांत तिचा प्रश्नाशी सांधा जोडावा लागतो. चष्मेवाल्याने तेच मधल्या परिच्छेदात पुरावा म्हणून आणलं. तेही चालतं, सात कागदांपैकी एखादा ब्लॅक कोड्सचाच नसला म्हणजे झालं. पण तक्त्यात एक बारीक ओळ आहे, जी वर्षभर वर्गात सांगितली जाते आणि परीक्षेत हमखास विसरली जाते: पार्श्वभूमीचा गुण ज्या माहितीवर मिळवला, तीच माहिती पुन्हा बाहेरचा पुरावा म्हणून मोजली जात नाही. एक नाणं, एकच खरेदी. उंच मुलाने ते दोनदा चालवलं होतं. दोघांच्या गप्प बसण्यातून त्याला ते कळलं.

परीक्षेनंतरच्या या गप्पांना आपल्याकडे नाव नाही, पण विधी ठरलेला आहे. बाहेर पडलं की कोणीतरी विचारणार, “पेपर कसा गेला?” त्यावर ‘बरा’ किंवा ‘लेंग्दी होता’ यापलीकडे उत्तर नसतं. मग “किती पुरवण्या घेतल्यास?” ज्याने चार घेतल्या तो मोठ्याने सांगतो, ज्याने एक घेतली तो बुटाची लेस बांधायला वाकतो. अमेरिकेतही २०२४ पर्यंत हेच होतं. पेनने लिहायची वही, दुखणारं मनगट, करंगळीखालच्या मांसाला लागलेली शाई, आणि “किती पानं भरलीस?” २०२५ च्या मेपासून एपुश ब्लूबुक नावाच्या ॲपवर टंकून द्यावी लागते. पानं गेली, शाई गेली. तुलना काही गेली नाही. फक्त आता ती दिसणाऱ्या वस्तूंवरून घसरून नावांवर आणि सनांवर आली. तू कोण घेतलंस, कुठे घेतलंस.

आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी रेंगाळते. त्या बॉनेटभोवती पहिली वीस मिनिटं गेली एका बहुपर्यायी प्रश्नावर. उतारा १८६५ च्या एका कायद्याचा, विचारलं होतं की त्याला तातडीने मिळालेला राजकीय प्रतिसाद कोणता. एक पर्याय १८६६ चा नागरी हक्क कायदा, दुसरा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन. मुलीने पहिला निवडला होता, उंच मुलाने दुसरा. यातली मेख अशी की दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही वंशभेदाच्याच. पण प्लेसीचा निकाल १८९६ चा, म्हणजे तीस वर्षांनी, आणि तो अशा कायद्यांना उत्तर देणारा नव्हे, गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्यावर मोहोर उठवणारा. या परीक्षेतले चुकीचे पर्याय सहसा खोटे नसतात, ते दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं खरं उत्तर असतात. ब्लॅक कोड्स आणि जिम क्रो यांची गल्लत त्यातली सर्वांत जुनी: पहिले युद्ध संपताच आलेले, सैन्य आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एक-दोन वर्षांत मोडून काढलेले. दुसरे, म्हणजे काळ्यांना वेगळं टाकणारे कायदे, युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्रचना गुंडाळल्यावर, मुख्यतः १८८० आणि ९० च्या दशकांत रुजलेले आणि पुढे १९६० च्या दशकापर्यंत पुरलेले. ज्याच्या डोक्यात हे दोन्ही एकाच डब्यात पडले, त्याच्या हातून १८६५ आणि १८९६ मधली ती तीस वर्षं निसटतात. आणि त्या तीस वर्षांतच काळे लोक आमदार, खासदार, शाळा तपासनीस, शेरीफ झाले आणि मग होईनासे झाले.

पण हिशेबाने बघा. पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, पंचावन्न मिनिटं, एकूण निकालात वाटा ४० टक्के. म्हणजे एका प्रश्नाची किंमत पाऊण टक्क्याहूनही किंचित कमी. डीबीक्यूचा वाटा २५ टक्के, गुण सात, म्हणजे एकेक गुण साडेतीन टक्क्यांचा. दोनदा चालवलेलं ते एक नाणं जवळजवळ पाच बहुपर्यायी प्रश्नांच्या तोलाचं. वीस मिनिटं जिच्यावर घालवली ती चिल्लर होती. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापणं २०११ पासून बंद झालंय, त्यामुळे शेवटच्या मिनिटात डोळे मिटून खूण केली तरी नुकसान नाही. तरी मुलं चिल्लरच मोजत बसतात, आणि त्याचं कारण मला उघड दिसतं: बहुपर्यायीला एक उत्तर असतं. तिथे कोणी बरोबर ठरतो, कोणी चूक, आणि संध्याकाळ त्यानुसार गोड किंवा कडू करून घेता येते. ‘कितपत’चं तसं करता येत नाही.

तीन लघुत्तरी प्रश्नांबद्दल तर कोणी अवाक्षर काढलं नाही. चाळीस मिनिटं, प्रत्येकाचे अ, ब, क असे तीन तुकडे, एकूण नऊ गुण, निकालात २० टक्के. तिथे प्रस्तावना नको, थीसिस नको. दोन-तीन वाक्यांत मुद्दा, नाव, कारण, पुढे चला. चांगली लिहिणारी मुलं इथेच अडकतात. त्यांना सुरुवात केल्याशिवाय चैन पडत नाही.

वेळेचं गणित मात्र तिघांचंही फसलं होतं. डीबीक्यूची साठ मिनिटं आणि दीर्घ निबंधाची चाळीस मिळून शंभर मिनिटांचा एकच सलग तुकडा असतो, मधे कोणी घंटा वाजवत नाही. मुलगी डीबीक्यूवर पंचाहत्तर मिनिटं बसली. उरलेल्या पंचवीसमध्ये सहा गुणांचा दीर्घ निबंध. त्यात तीन पर्यायांतून काळ निवडायचा, मग पार्श्वभूमी, थीसिस, दोन ठोस पुरावे. तिने जुन्या वसाहतींचा पर्याय घेतला आणि बेकनचं बंड, शेजचं बंड आणि व्हिस्की बंड हे तिन्ही एकाच दशकात कोंबले. वास्तविक पहिलं १६७६ चं, दुसरं १७८६-८७ चं, तिसरं १७९४ चं. पहिल्यात व्हर्जिनियाचा गव्हर्नर समोर, दुसऱ्यात मॅसॅच्युसेट्सची कर्जवसुली, तिसऱ्यात नव्या केंद्र सरकारचा कर आणि खुद्द वॉशिंग्टनने बोलावलेली फौज. हे तिला येत नव्हतं अशातला भाग नाही, बॉनेटपाशी तिने ते क्रमाने धडाधड सांगितलं. लिहिताना वेळ नव्हता, एवढंच. अशा चुकीने निबंध कोसळत नाही, तपासणाऱ्यांना तशी सूचनाच असते की एकूण युक्तिवादाला धक्का न लावणारी चूक पोटात घालावी. हे मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. आपल्या घरांतून वाढलेल्यांचा तर नाहीच नाही. आपण सनावळीला शुद्धलेखनाइतकं सोवळं मानतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते मात्र न दिसणाऱ्या ठिकाणी. थीसिसच घ्या. “या काळात काही बदल झाले आणि काही गोष्टी तशाच राहिल्या,” हे वाक्य दरवर्षी हजारो वेळा लिहिलं जात असेल, आणि त्याला शून्य. त्यात दावाच नाही, कुठल्याही देशाच्या कुठल्याही काळाला ते लागू पडेल. चष्मेवाल्याने आठवून म्हणून दाखवलेलं वाक्य साधारण असं होतं: घटनादुरुस्त्यांनी कायद्यातला दर्जा पुरता पालटला, पण जमीन हाती आली नाही आणि १८७७ ला केंद्राच्या सैन्याने पाठ फिरवली, म्हणून रोजच्या जगण्यातला बदल अर्ध्यात अडकला. दावा आहे, कारणं आहेत, पुढचे परिच्छेद कुठल्या वाटेने जाणार तेही कळतं. एक गुण, निःसंशय. कागदपत्रांत फसगत वेगळी. मुलं पहिल्या कागदापासून सातव्यापर्यंत ओळीने जातात, किराण्याच्या यादीसारखी, प्रत्येकातलं एक वाक्य उचलून अवतरणचिन्हात ठेवतात आणि समजतात की वापरलं. उद्धृत करणं म्हणजे वापरणं नव्हे. कागद आपल्या मुद्द्याच्या गाडीला जुंपावा लागतो, कधी दोन कागद एकमेकांसमोर उभे करावे लागतात. २०२३ च्या शरदापर्यंत सहा कागद असे जुंपावे लागत आणि तीन कागदांचं सोर्सिंग करावं लागे. आता चार आणि दोन. सोपं झालं म्हणून जुने शिक्षक कुरकुरतात. कुरकुर करण्याजोगं काही नाही असं माझं मत. सहा कागदांच्या सक्तीतून निघायची ती यादीच.

सोर्सिंगमध्ये “हा लेखक दक्षिणेतला मळेवाला आहे म्हणून तो पक्षपाती आहे” इतकं लिहून थांबणारी मुलं पुष्कळ. पक्षपाती कोण नसतो? मळेवाल्याने १८६५ मध्ये आपल्याच माजी गुलामाला पत्र लिहून परत कामाला बोलावलं, तर त्यातला गोडवा मजुरांच्या टंचाईतून आलाय, आणि त्या टंचाईमुळेच पुढे अर्धेलीची, शेअरक्रॉपिंगची पद्धत बसली, इथवर गेलं तर गुण. शेअरक्रॉपिंग मराठी घरातल्या मुलांना एरवी पटकन कळायला हवी. बी-बियाणं, खत दुकानदाराकडून उधार, पीक निघालं की वाटा मालकाचा, उरलं ते दुकानदाराचं, पुढच्या वर्षाला पुन्हा वही उघडी. पण ती वही आजोबांनी पाहिलेली. एडिसनमध्ये जन्मलेल्यांपर्यंत ती पोचलेली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

जमिनीचा मुद्दा त्या तिघांनीही लिहिला होता आणि तिघांनीही तो एकाच वाक्यात उरकला होता. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने हुकूम काढून दक्षिणेतल्या किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटायला काढली. वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने माफी मिळालेल्या जुन्या मालकांना ती परत देऊन टाकली. पेरलेल्या शेतातून माणसं उठवली गेली. हुकूम खरा, पेरणी खरी, उठवणंही खरं. या तिन्हींना एका वाक्यात बसवायला ‘तथापि’ नावाचा शब्द लागतो, आणि गुंतागुंतीचा तो सातवा गुण बहुधा तिथेच कुठेतरी लपलेला असतो. तो मिळवायच्या वाटा अनेक आहेत. सातही कागद परिणामकारकपणे वापरले तरी मिळतो, चार कागदांचं सोर्सिंग नीट केलं तरी मिळतो. पण “या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे” असं शेवटच्या ओळीत चिकटवून मात्र मिळत नाही, आणि निम्मी मुलं तेच करतात.

इथे एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि तिची अर्पणपत्रिका त्यांनी युनायटेड स्टेट्समधल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांच्या नावे लिहिली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही इच्छाही तिथेच. ही अर्पणपत्रिका आपल्याला पाठ असते. आता तेच साल मुलांच्या पुस्तकात उघडा. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार, लुइझियानातलं कोलफॅक्स नावाचं गाव. निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्या जमावाने कोर्टकचेरी राखणाऱ्या काळ्या माणसांवर हल्ला केला. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो, आणि कित्येकांना मारलं ते शरण आल्यावर. केंद्र सरकारने खटले भरले. १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, कारण काय तर चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नव्हे. त्याच १८७३ च्या १८ सप्टेंबरला जे कुक नावाच्या बँकरची पेढी बुडाली आणि मंदी आली. उत्तरेतल्या मतदाराला दक्षिणेतल्या हक्कांपेक्षा आपल्या पगाराची काळजी लागली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

म्हणजे फुले चुकले का? अर्पणपत्रिका वाचून हा प्रश्न विचारणारा माणूस परीक्षेत थीसिसचा गुण घालवणार. गुलामी खरोखर संपली होती. मिसिसिपीतून हाइरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ १८७० मध्ये सिनेटवर गेले होते. पुनर्रचनेच्या काळात दीड हजारांहून जास्त काळी माणसं कुठल्या ना कुठल्या सरकारी पदावर बसली. पुण्यातून हे दिसत होतं आणि ते खोटं नव्हतं. कोलफॅक्सही खोटं नव्हतं. कितपत, हा प्रश्न १८७३ मध्ये दोन्ही टोकांना उघडाच होता. डीबीक्यूत फुले लिहिले तर तपासणाऱ्याला ते बहुधा विषयांतर वाटेल, आणि मी कुठल्याही मुलाला तसा सल्ला देणार नाही. पण त्या बॉनेटभोवतीच्या तिघांपैकी दोघांच्या घरी मराठी बोलतात, आणि त्या दोघांनीही हे नाव या संदर्भात कधी ऐकलेलं नव्हतं. घरी इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. शाळेत इतिहास म्हणजे लिंकन. दोन कपाटं, दोन किल्ल्या.

मे महिन्यातल्या खऱ्या परीक्षेनंतर असं पार्किंगमध्ये उभं राहून बोलता येत नाही. बहुपर्यायी प्रश्नांविषयी कधीच बोलायचं नाही, असा करार सही करून घेतात. लेखी प्रश्न परीक्षामंडळ साधारण दोन दिवसांनी जाहीर करतं, त्यानंतर त्यांच्यापुरती मुभा. सोळा वर्षांच्या मुलांना दोन दिवस गप्प बसायला सांगणं हे, माझ्या मते, दीर्घ निबंधापेक्षा कठीण काम आहे. मग भुवया बोलतात. कोणी नुसतं “आणि?” म्हणतं, दुसरा खांदे उडवतो, तिसऱ्याच्या पोटात गोळा येतो. उत्तरं जूनमध्ये देशभरातले महाविद्यालयीन प्राध्यापक आणि शाळाशिक्षक तपासतात. चार लाखांहून जास्त मुलांचे निबंध, प्रत्येकावर मिनिटं मोजकी. जुलैत येतो तो एकच आकडा, एक ते पाच. कुठला गुण गेला, ते नाणं एकदा मोजलं की दोनदा, काही कळत नाही. त्या आकड्यालाही स्वतःचा इतिहास आहे. २०२३ मध्ये तीन किंवा वर मिळवणारे ४८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२४ मध्ये ७२ टक्क्यांच्या आसपास. मुलं एका वर्षात इतकी हुशार झाली नाहीत. पातळी ठरवायची पद्धत बदलली. ज्यांनी २०२३ ला दोन घेऊन तोंड लपवलं, त्यांच्या त्या दोनाची किंमत कितपत?

बॉनेटपाशी चौदावर बोट ठेवून मुलगी सांगत होती की तिचा लहान भाऊ नेहमी चौदा आणि पंधराची अदलाबदल करतो. चौदावी म्हणजे १८६८. या भूमीवर जन्मला तो नागरिक. १८९८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा तोच अर्थ लावला. भगतसिंग थिंड मात्र पंजाबातून आलेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याचा गणवेश घालूनही १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ‘गोरे’ नव्हेत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये इथे येऊन स्थायिक व्हायला वर्षाला शंभर भारतीयांपुरती फट उघडली, १९६५ मध्ये दार. तिघांनाही हे कायदे सनांसकट येतात, १९६५ तर एका बहुपर्यायीत आला होता. बॉनेटमागे गाडीत एकाची आई बसली होती. ती या देशात आली नोकरीच्या व्हिसावर, कितीतरी वर्षं हिरव्या कार्डाच्या रांगेत आहे. मुलगा इथे जन्मला आणि जन्मताच नागरिक झाला. आठशे नव्वद शब्दांचा निबंध लिहून आलेल्या त्याला पुरावा बाहेरून आणायला फार लांब जावं लागलं नसतं. अर्थात त्याचे गुण मिळाले नसते. काळाच्या चौकटीबाहेर.

काच खाली झाली. “झालं का रे? पेपर कसा गेला?”

“बरा,” उंच मुलगा म्हणाला.

मुलगी काहीतरी आठवून एकदम वळली. “थांब. ब्लॅक कोड्स सोडून बाहेरचं अजून काही लिहिलंस?”

“शेअरक्रॉपिंग.”

“तो पाचवा कागद होता.”

“हां.” मग थोड्या वेळाने, “तो मिसिसिपीचा सिनेटर. रेव्हल्स. पण स्पेलिंग चुकलं. आणि मी त्याला टेनेसीचा केलाय.”

“नुसतं नाव लिहिलंस?”

“नाही, म्हटलं की काळी माणसं सिनेटपर्यंत गेली, म्हणजे मताचा हक्क काही काळ खरा होता.”

तिघांनीही क्षणभर हिशेब केला. चूक राज्याची, युक्तिवाद शाबूत. चष्मेवाला म्हणाला, “मोजतील.” मुलगी म्हणाली, “मोजायला पाहिजे.” उंच मुलाने आता बाटली उघडली आणि अर्धी रिकामी केली. बॅग मागच्या सीटवर टाकायला तो बॉनेटवरून ओणवा झाला, आईने गाडी सुरू केली, आणि ती पिवळी गाडी पार्किंगमधून वळून ओक ट्री रोडच्या दिशेला निघून गेली. बॉनेटवर तेरा आणि चौदा ठळक होते. पंधरावर त्याची बाही फिरली होती.